पलटणीच्या ड्रमाची पारख

भिजवलेल्या चामड्याचा वास माझ्या हाताला जन्मभर चिकटून राहिला. शिकेकाई लावली, धूप घेतला, लग्नकार्यात कुणी फासलेलं अत्तर दोन दिवस जपलं, तरी तो येतोच. त्याचं मला काही वाटत नाही. त्यावर माझी भाकरी होती. किळस येते ती चिंचेची. घरात पितळेला चिंच लावायला घेतली की मी उठून ओट्यावर जाऊन बसतो आणि भांडी धुऊन पालथी पडेपर्यंत आत येत नाही. सुना आपसात हसतात. म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणतात. बायको हसत नाही. तिला ठाऊक आहे.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत साताऱ्यात माझं दुकान होतं. दुकान कसलं, उतारावरचा एक अंधारा खण. तबला, ढोलकी, ताशा, बँडवाल्यांचे ड्रम, जे येईल ते मी मढवून द्यायचो. त्याआधी काही वर्षं पलटणीच्या बँडात साईड ड्रम वाजवला होता. गळ्यात अडकवून, मांडीवर कलता ठेवून, दोन काड्यांनी वाजवतात तो. त्याच्या खालच्या कातड्यावर आतड्याच्या आडव्या ताती ताणलेल्या असतात. वर काडी पडली की खाली ताती झणझणतात आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्रकन आवाज उठतो. त्या आवाजावर माणसं मरायला चालत जातात, हे मी पाहिलेलं आहे.

गावातली मोठी घरं मात्र आम्हाला ओट्याच्या खाली उभं करायची. मुंजीला बँड हवा, वरातीला बँड हवा, पण वाजवून वाजवून घसा सुकलेल्याला पाणी द्यायचं झालं तर लांबून, ओंजळीत. का, तर चामड्याला हात लावणारा माणूस. त्याच घरात देवापुढे मृदंग असायचा, त्याचं कातडं काय झाडाला लागलं होतं? मी तोंडावर विचारायचो. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं कमी आणि दुष्मन जास्त होते. मी स्वतःला मोठा सरळ माणूस समजत होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही, थुंकावंसं वाटतं.

सांगलीला हळदीचा एक व्यापारी होता. जमिनीतल्या पेवातून हळद काढून विकता विकता त्याने एक बँड कंपनीही काढली होती. लाल डगले, खोट्या जरीच्या पट्ट्या, आणि वाजवणारे सगळे उपाशी. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. पानाची पिंक त्याच्या हनुवटीवर ओघळत होती आणि बोटं नखापर्यंत पिवळी.

"मास्तर, मला खरा पलटणीचा ड्रम पाहिजे बगा. पितळी. त्याच्यावर ते सरकारी चित्र असतंय, मुकुटाचं, तसला. व्याही बेळगावकडचे हायत, त्यांचे डोळे फाटले पाहिजेत."

मी म्हटलं, "लढाई चालू आहे. विलायतेहून बोट येत नाही. मेरठकडचे पत्र्याचे ड्रमसुद्धा मिळेनात."

"म्हणून तर तुमाला सांगतोय की. आणा. आणि लग्नानंतर आमच्या बँडाचे मास्तर तुमीच."

मास्तर. लाल डगला घातलेल्या बारा माणसांच्या पुढे छडी घेऊन चालायचं. पलटणीत माझ्या नशिबी ती छडी कधी आली नव्हती. त्या पिवळ्या बोटांच्या माणसाची मला शिसारी येत होती, तरी मी मान डोलावली आणि परत येताना गाडीत बसून मनातल्या मनात छडी फिरवत राहिलो.

पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी पाटणच्या पलीकडच्या डोंगरातली एक बाई दुकानापुढे येऊन उभी राहिली. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण रापलेली, वाळलेली. कपाळ मोकळं. डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला आले म्हणाली. नवरा मागच्या लढाईत बसऱ्याकडे गेला होता, तिकडेच मेला. त्याचा सोबती परत आला तेव्हा एक ड्रम घेऊन आला. पलटणीने मोडीत काढलेला त्याने लिलावात घेतला होता आणि तुझ्या माणसाचा आहे म्हणून हिच्या दारात ठेवून गेला. पुढे तो सोबतीही गेला.

"आमचा दीर म्हनतूय, त्यो वाजवत न्हवता. पलटनीत भांडी घासाया व्हता," ती म्हणाली. "म्हनं, ह्यो ताशा सोबत्यानं बाजारातनं आनला, तुझी समजूत काडाया. आता दिराचा पोरगा भरती झाला. म्या म्हनलं, त्येला येशीपातूर वाजवत घालवू, चुलत्याचा ताशा हाय. तर दीर चारचौघात म्हनला, भांडी घासनाऱ्याचा डबा कशापायी वाजवायचा? मास्तर, तुमी पलटनीतलं. तुमी सांगा, ह्यो माज्या मानसाचा हाय का न्हाई? खरं काय त्ये सांगा. मी रडनार न्हाई."

ड्रम विकायचा शब्दही तिने काढला नाही. तिला एवढंच हवं होतं.

मी घोंगडी सोडली आणि ड्रम उजेडात ओढला.

अंग सबंध पितळेचं. बाजारच्या ड्रमाचं पितळ पातळ असतं, पत्रा पत्र्यावर चढवून डाग दिलेला असतो आणि तो सांधा बोटाला लागतो. याचा सांधा दात्यांत दाते घालून झाळलेला होता, डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागत नव्हता. समोर रंगात काढलेलं पलटणीचं चिन्ह, मुकुट, खाली लढायांच्या नावांच्या पट्ट्या. धुराने काळवंडलेलं, पण सगळं शाबूत. वरखाली लाकडी कडी, त्यांना निळ्यातांबड्या रंगाचे उरलेसुरले पापुद्रे, दोऱ्या आवळायच्या चामडी कानट्या वाळून शेंगांसारख्या झालेल्या. खाली ताती ताणायचा पितळी स्क्रू होता, आणि तो फिरत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षं चुलीच्या धुरात राहून फिरत होता!

एवढ्यावर ड्रम पलटणीचा होता हे ठरलं. तिच्या माणसाचा होता का, ते उरलं. मी दोऱ्या सैल केल्या आणि वरचं कडं उपसून घेतलं. कड्याच्या आतल्या अंगाला टोच्याने कोरलेले आकडे होते. बाळबोध. आकड्यांच्या पुढे तिच्या गावाचं नाव. आमच्यातले सगळेच आपला नंबर असा कोरून ठेवत, नाहीतर सकाळी तुमचा चांगला ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात दिसायचा.

"त्यांचं बिल्ला-पदक काही आहे का?" मी विचारलं.

तिने कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्यात ओवलेलं चांदीचं पदक काढलं. एरवी ते देव्हाऱ्यात असायचं. त्यावर कुंकू इतकं साचलं होतं की राजाचं तोंड दिसेना. लोक पदकाचं तोंड बघतात. त्याच्या कडेला, रुपयाला जिथे दाते असतात तिथे, बारीक इंग्रजी अक्षरं असतात, हे पलटणीत राहिलेल्यालाच माहीत. मी कड पुसली. नंबर तोच. आणि नावाच्या आधी हुद्दा. ड्रमर.

डाव्या हातात पदक, उजव्या हातात कडं. यापेक्षा पक्की पारख मी उभ्या आयुष्यात केली नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

खरं सांगितलं असतं तर तिने तो ड्रम लाख रुपयांनाही दिला नसता, आणि हे मला कडं उपसतानाच कळलं होतं. मी पदक तिच्या हातात परत ठेवलं, कडं बसवलं आणि म्हणालो, "मावशी, हा बाजारचा माल आहे. मेरठला असे ढिगाने करतात. वर चित्र रंगवतात आणि भोळ्या माणसांना विकतात. पलटणीचा ड्रम असा नसतो. आणि पदकाचं म्हणाल तर ते सगळ्यांनाच देत, स्वैपाक्यालाही, पाणक्यालाही."

एका दमात बोललो. कुठे अडखळलो नाही. स्वतःच्या जिभेला एवढी धार आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

ती रडली नाही. म्हणाली होती तशी. घोंगडीची घडी घातली आणि रिकामी घोंगडीच काखेत मारली.

"ह्यो ऱ्हाऊ द्या हितंच," ती म्हणाली. "माज्या मानसाचा न्हाई तर परक्याची वस्तू घरात कशापायी ठिवू? इतकी वर्सं हळदकुंकू वाहिलं ह्येला."

मी खिशात हात घातला. पैसे घ्यायला ती तयार होईना, ज्याची वस्तू नाही त्याचे पैसे कसले, म्हणाली. उलट तिनेच पाठीवरचं गाठोडं सोडून नाचणीची एक लहान पिशवी माझ्या फळीवर ठेवली. "पारख केलीसा. फुकट कुनाची मेहनत घेऊ न्हाई."

त्या नाचणीची भाकरी आमच्या घरात झाली. बायकोने कौतुकाने विचारलं, कुणी दिली? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाने. दोन घास खाल्ले आणि परसात जाऊन ओकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भाकरी ताटात आली, आणि त्या दिवशी ती पचली. माझी खरी किळस मला त्या दुसऱ्या दिवसाची आहे.

ताती गेल्या होत्या, त्या नव्या घालायला मी ड्रम घेऊन मिरजेला गेलो. तिथे तंबोरे करणारा एक म्हातारा कारागीर सारंगीच्या तातीही ठेवायचा. मी ताती चढवल्या, स्क्रू आवळला आणि बोटानेच टिचकी मारली. म्हाताऱ्याने हातातला भोपळा खाली ठेवला, कान ड्रमाशी आणला. "आणखी एकदा," म्हणाला. मग म्हणाला, "याला जवारी आहे. आम्ही तंबोऱ्याला दोरा घालून काढतो, तीच झणझण. कुणाचं वाद्य?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

"असं नसतं," तो म्हणाला आणि पुन्हा भोपळा तासायला लागला. त्याने तातीचे पैसे घेतले, पण माझ्याकडे वर पाहिलं नाही. की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

सांगलीला व्यापाऱ्याने ड्रम उलटासुलटा केला, मुकुटाच्या चित्रावरून पिवळं बोट फिरवलं आणि मी सांगितली ती किंमत काढून दिली. घासाघीस केली असती तर मला बरं वाटलं असतं. मी रुपये घेतले. लग्नाच्या आदल्या दिवशी या, छडी तयार ठेवतो, म्हणाला.

आदल्या दिवशी गेलो तर अंगणात भांडी घासायला बसलेल्या बायकांची रांग. लग्नघरातलं पितळ काळं राहिलेलं चालत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला लागत नाही. घंगाळं, हंडे, समया, परात, तबकं, सगळं बाहेर काढलेलं. चुलीवर धुण्याचा सोडा उकळत होता. चिंचेचा कोळ, विटकर आणि राख यांचा तांबूस चिखल अंगणभर वाहत होता आणि त्यावर माश्या. त्या चिखलात, दोन हंड्यांच्या मधे, ड्रम आडवा पडलेला होता. नुसतं अंग. वरखाली उघडा. एक बाई त्यावर काथ्याने जीव खाऊन घासत होती.

मुकुट गेला होता. नावाच्या पट्ट्या गेल्या होत्या. एका पट्टीचा शेवटचा कोपरा उरला होता, तोही माझ्या डोळ्यांदेखत गेला.

"लई घाण साचली व्हती," ती बाई मला अभिमानाने म्हणाली. "तीन डाव सोडा वतला तवा सुटली."

तिला काय बोलणार? तिला जे शिकवलं तेच ती करत होती. मी व्यापाऱ्याकडे धावलो. तो चकचकीत पितळ बघून खूष झाला होता.

"चित्राचं काय एवढं? सोन्यासारखं लखलखतंय बगा! आणि त्या खालच्या दोऱ्या काढून टाकल्या. वाजवला की खरखर करत होता, फुटल्यासारखा."

"कडी कुठायत?" मी ओरडलो. "लाकडी कडी?"

"ती कुजकी? नवी करून आणलीत की, लाल-पिवळी." त्याने न्हाणीघराकडे हात केला. तांब्याचा बंब धडधडत होता. पाव्हण्यांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. मी राख उकरायला गेलो तर हात भाजला, आणि घरातली चार माणसं मला वेडा झाला का म्हणून बघत राहिली.

त्या वरातीत मी छडी घेऊन चाललो. होय, चाललो. घेतलेल्या पैशाचं काम होतं असं मनाला सांगितलं. लाल डगला काखेत करकचत होता, मागे तो बोडका ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा बदबद वाजत होता, आणि बेळगावकडचे व्याही म्हणत होते, वा, वा. रस्त्यावरच्या शेणात, उष्ट्या पत्रावळींत पाय पडत होते. मास्तरपणाची हौस त्या एका रात्रीत फिटली. सकाळी डगला परत केला आणि व्यापाऱ्याला म्हटलं, ड्रम मला द्या, तुमचे पैसे घ्या. लग्न उरकलं होतं, त्याला काय त्याचं? हसत हसत दिला.

साताऱ्याला येऊन मी नवी कडी केली, कातडी चढवली, ताती ताणल्या. आवाज परत आला. ते चित्र मला परत आणता येत नव्हतं. कड्याच्या आत नंबर कोरायला टोचा हातात घेतला, तो नंबर मला आजही पाठ आहे, पण हात चालेना. खरा नंबर असूनही ते माझ्या हातचं खोटंच झालं असतं. पलटणीच्या कचेरीला कार्ड टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. मागच्या लढाईत मेलेल्या ड्रमरची विचारपूस करायला तिथे कोण मोकळं होतं?

शेवटी पाटणपर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे चालत मी तिच्या गावी गेलो. ती दारात नाचणी पाखडत होती. मला ओळखलं, घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या हातात दिला. हातात. लांबून नाही.

मी ड्रम पुढे ठेवला. म्हटलं, "मावशी, हा तुमच्या माणसाचा. मी तेव्हा... मी चुकीचं सांगितलं. म्हणजे खोटं सांगितलं. हा पलटणीचाच. ते ड्रमर होते. पदकाच्या कडेला लिहिलंय, पदक आणा, दाखवतो."

तिने ड्रमाकडे पाहिलं. "आमचा काळा व्हता," ती म्हणाली. "ह्यो न्हवं त्यो."

मी चिंचेचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं, कडी जळाल्याचं सांगितलं. माझ्याच कानाला ते थापेसारखं लागत होतं. पदक मागितलं तर म्हणाली, दिलं. त्या दिवशी साताऱ्याहून आली तशी देव्हाऱ्यातून काढलं. खोट्याला देवांत कशाला बसवायचं? दिराने ते आटवून नातीला वाळे केले. भरती झालेल्या पोराला येशीपर्यंत पोचवायला ताशा कोल्हापूरकडून आणला होता, आणि तिने दिराची चारचौघांत माफी मागितली होती.

मी काड्या घेतल्या आणि तिच्या अंगणात वाजवलं. कूच सुरू करताना वाजवतात ते. शेजारच्या बायका दाराशी आल्या. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. माझे हात थांबले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या, जोडा मारला असता तर मी तो कपाळी लावून घेतला असता.

"लय झ्याक वाजीवता," ती म्हणाली. "न्या त्यो परत. तुमच्या पोटाचा धंदा हाय."

"मावशी, देवाशपथ सांगतो, तुमचा माणूस... पलटणीच्या पुढे... तो भांडी..."



तिने सुपातली नाचणी पिशवीत भरली आणि ती माझ्या हातात दिली. "येवढा डोंगुर चढून माजं मन राखाया आला, लय झालं. पर मास्तर, खोटं बोलाय तुमास्नी जमत न्हाई. तवा खरं व्हतं म्हनून कसं एका दमात बोलला व्हता. आता बगा, किती आडखळताय."